तिसरीची आरोग्यमंत्री

न्हाई न्हाई बाई, खुर्ची नको — मी बसले की माझा राग उतरतो, अन् आज मला रागातच बोलायचंय, घरून तसंच सांगून पाठवलंय. दुर्गीची माय मी, गोजरबाई. तुमच्या तिसरीतली दुर्गी — हां, तीच, आरोग्यमंत्री. तिचं ते मंत्रिपद काढून घ्या, आजच्या आज. न्हाईतर पोरीचं नाव शाळेतून काढून नेऊ — हे मी न्हाई म्हणत, दुर्गीचे दादा, आमचे मालक, म्हणून राह्यले. ते काय, बाहेर लिंबाखाली बसलेत, शाळेकडं पाठ करून. आत चला म्हणलं तर येत न्हाईत. मागल्या खेपेला आल्ते तर तुमच्या पोरांनी दारातच त्यांची नखं तपासली, तेव्हापासून शाळा म्हणलं की हात धोतरात लपवतात. म्हणून मला पाठवलं. मी मधूनच मोठ्यानं बोलंल, त्यांना ऐकू गेलं पाहिजे, तुम्ही मनावर घेऊ नका — पोरीला पार बिघडवून ठेवलं तुम्ही, बाई — हे त्यांच्यासाठी होतं.

पण मला सांगा, शिकवायची ही काय तऱ्हा झाली? आमच्या टायमाला गुरुजी पाढे म्हणून घ्यायचे अन् छडी मारायचे, झाली शाळा. म्हंजी मी न्हाई गेले शाळेत, मी शाळेच्या भिंतीला गवऱ्या थापायचे, तिथून ऐकलेलं. बाराचा पाढा येतो मला अजून, कुणी विचारत न्हाई म्हणून म्हणत न्हाई. तुम्ही आल्यापासून तिसरीची पोरं वर्गात कमी अन् अंगणात जास्त — चिंचोके मोजून राह्यली, पानं चिकटवून राह्यली, ओट्यावर खोटं दुकान मांडून राह्यली. ते चालतं, त्याला कुणी काही म्हणलं न्हाई. पण मंत्रिमंडळ? डब्यात चिंचोके टाकून निवडणूक घेतली म्हणं. पाटलाचं पोरगं मुख्यमंत्री झालं — ते होणारच होतं, चिंचोके न टाकताबी झालं असतं. आरोग्याचं खातं कुणालाच नको होतं, दुसऱ्याच्या कानात कोण बघत बसतं? आमच्या दुर्गीनं हात वर केला. अन् तुम्ही छातीवर लाल फीत लावून दिली. ती फीत लावून झोपती बाई पोरगी.

शाळेत करा काय करायचं ते, पण ही घरी येऊन बी मंत्रीच. सकाळी उठली की रांग लावा. उजवा हात पुढं, डावा हात पुढं, पालथे करा, आता दात. आमच्या सासूबाईंचे दात मिश्रीनं काळे. त्यांना म्हणली, आजी, तुमचे उद्या पुन्हा तपासते. म्हातारी आता मिश्रीची डबी उतरंडीत लपवून ठेवती, एवढ्या मोठ्या गावाला जिनं शिव्या घातल्या ती बाई. ह्यांना नखं कापल्याबिगर भाकर मिळंना. गोठ्यात जाऊन बैलाला म्हणली, पाय पुढं. बैलानं दिला — मला त्याचंच नवल वाटलं, हे तर सांगून बी देत न्हाईत. अन् विचारलं कामून करती, तर म्हणती, बाईंनी सांगितलंय, घरात जे करत न्हाई त्याची मंत्रिगिरी खोटी. असं सांगितलं तुम्ही? सांगितलं न? मंग भोगा.

आता मेन गोष्ट सांगते. मागल्या आयतवारी आमच्याकडं पाहुणे आल्ते, सोनीला बघायला. सोनूबाई म्हंजी माझी थोरली, दुर्गीहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तुम्ही बघितली न्हाई तिला, तुम्ही यायच्या आधीच चौथी करून घरी बसवली. गुरुजी तवा घरी येऊन सांगून गेल्ते, पोरगी हुशार हाय, हसनाबादला पाठवा पुढं. पण पोरीच्या जातीला रोज हसनाबादला कोण धाडतं? बसली घरी. रडली, मंग रडायची थांबली. जाऊ द्या, त्याचं काय आता.

तर स्थळ परतूरकडचं. रामकिसन नाव. दुर्गीचे दादा तिकडं एका लग्नाला गेल्ते, तिथं ह्या रामकिसननं त्यांना ठेसनापासून गावापर्यंत आपल्या ट्रॅक्टरवर बसवून नेलं. बस, एकदा ट्रॅक्टरवर बसले अन् पोरगी कबूल करून आले. घरी येऊन पोराचं काही सांगंनात, ट्रॅक्टरचंच चालू — असा लाल, असा आवाज, चढावर दम म्हणून न्हाई. मी म्हणले, दिसायला कसा हाय? म्हणले, मोठं चाक माझ्या डोक्याएवढं उंच. मी म्हणले, ट्रॅक्टर न्हाई हो, पोरगा. तर तंबाखू मळत बसले. वय विचारलं तर म्हणले, असंल पंचवीस-तीस. असंल म्हंजी काय? बैल घेताना दात उघडून बघतात हे, वाकून खूर बघतात, चार माणसं बोलवून विचारतात. अन् इथं — असंल.

आले मंग आयतवारी. रामकिसन अन् त्याचे मामा अण्णासाहेब, मोठ्या मिशा, मोठा फेटा, ट्रॅक्टरवरच आले दोघं, सगळी गल्ली गोळा झाली. मी चुरमुऱ्याचा सुशीला केल्ता, सोनीला माझं चांगलं लुगडं नेसवल्तं. पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी टाकली. पाहुणे उंबऱ्यात पाय टाकणार तर मधी कोण — फीत लावून, हातात ओलं फडकं घेऊन आमची दुर्गी. म्हणली, रांग लावा. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण अण्णासाहेब हसले, हौशी माणूस, म्हणले, आरं वा, मंत्री हाय का घरात, अन् हात पुढं केले. तिनं बोटंबोटं बघितली. म्हणली, नखं वाढलीत, आज माफ. मंग रामकिसनचा नंबर. हात बराबर होते. मंग म्हणली, टोपी काढा, केसं तपासायची हायेत.

त्यानं काही काढली न्हाई टोपी. हसल्यावाणी केलं अन् बाजूनं आत जाऊ लागला. दुर्गी बिलकुल हलली न्हाई. म्हणली, जो टोपी काढत न्हाई त्याच्या डोक्यात उवा असत्यात. आता सगळी गल्ली दारात, बाया हसून राह्यल्या, अण्णासाहेबच म्हणले, काढ रे, लेकराचं मन कशाला मोडतो. त्यांना तरी काय ठावं — न्हाई, ठावं असणारच, मामाच की ते, पण हसण्याच्या भरात बोलून गेले. काढली टोपी. मधी सगळं मैदान. त्याचं काही न्हाई बाई, टक्कल कुणालाबी पडतं, आमच्या ह्यांनाबी पडलंय. पण कडंनं जी केसं होती ती काळीभोर, अन् दुर्गीनं तुम्ही शिकवलं तसं ओलं फडकं घेऊन कानामागं पुसलं. फडकं काळं. म्हणली, मळ हाय. अजून पुसलं. अजून काळं. मंग पोरीला चेव आला, कपाळाच्या बाजूनं जोर लावून घासलं तर खालून पांढरं निघालं, कापसावाणी. कलप लावलेला, दुसरं काय. मामा म्हणले, उन्हातान्हात काम करतो, उन्हानं होतात केसं पांढरी. तर ही म्हणती, उन्हानं न्हाई होत, बाईंनी सांगितलंय, वयानं होत्यात. लिंबू-टिंबू पोरगी, अन् मिशावाल्या माणसाला पाठ शिकवून राह्यली.

पाहुण्यांनी सुशीला खाल्ला न्हाई, पोरगी बघितली न्हाई. बघू, कळवतो, म्हणले अन् निघाले. सोनी चुलीपाशी बसल्ती, लुगड्याचा पदर तोंडात कोंबून. मला वाटलं रडती, हात लावून बघितलं तर हसून राह्यली. महिना झाला बाई, पोरीनं नीट खाल्लं नव्हतं. मला लई बरं वाटलं — मोठ्यानं न्हाई म्हणत मी हे. अन् हे? हे वेशीपर्यंत गेले. ट्रॅक्टर फाट्यावर वळून दिसायचा बंद झाला तरी तिथंच उभे. त्यांचाबी जीव तुटला, खोटं कशाला सांगू, पण ट्रॅक्टरसाठी.

घरी आल्यावर मंग आरडाओरडा. तिची फीत ओढून घेतली, माळवदावर फेकली. दुर्गी रडली का? न्हाई. सकाळी बघतो तर ह्यांच्या लाल पटक्याचं टोक फाडलेलं अन् पोरीच्या छातीवर नवी फीत, पहिलीहून मोठी. म्हणून आज हे इथं बसलेत — बोडक्या डोक्यानं. म्हणूनच पाठ करून.

बसते जरा. पाय दुखले. हां, द्या पाणी, पिते की. तुमच्या हातचं पाणी प्याले हे सासूबाईंना तेवढं सांगू नका, बाकी माझं काही न्हाई. मला ठावं हाय, तुमच्या मायनं दुसऱ्याच्या वावरात खुरपून तुम्हाला शिकवलं, सगळा गाव बोलतो, वाईट म्हणून बोलतो पण बोलतो. आमच्याकडं विहीर हाय, वावर हाय, अन् पोरगी चौथीनंतर घरी बसवली. इकडून येताना बघितलं, तुम्ही फळ्यावर दातांचं चित्र काढून ठेवलंय. लई साफ काढलंय.

काय विचारलं? दुर्गीला एवढं नेमकं टोपीचंच कसं सुचलं? आता लेकराचं काय, सुचलं असंल. मी कशाला सांगू तिला. मी तर चुलीपाशी होते. मी तिला एवढंच म्हणले की कुणी काही म्हणलं तरी टोपी सोडू नको, अन् फडकं नीट भिजवून घे — एवढंच. बास. हात लावा बाई तोंडाला, हसू नका, ते बघतील. अहो, आमच्या शेजारच्या तुळजाबाईचं माहेर तिकडचंच. ती म्हणली, गोजरे, रामकिसनची पहिली बायको माझ्या बरोबरीची, आम्ही दोघी संगं खेळलेलो, वारली बिचारी, अन् हा आता कलप लावून टोपीखाली वय लपवत फिरतो. अन् तुळजाबाईला नातवंडं हायेत बाई, नातवंडं. मी हे ह्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? म्हणले असते, बायांच्या गप्पा. मी पाहुण्यांसमोर बोलले असते तर म्हणले असते, बाई सुधरली. सोनी बोलली असती तर तिला मारलं असतं. मंग कोण बोलणार घरात? मंत्रीच राहिली. मी बोलले तर भांडण होतं, दुर्गी बोलली तर तपासणी होती. अन् तपासणीला कुणी न्हाई म्हणू शकत न्हाई, तुम्हीच शिकवलंय.

मंत्रिपद काढा — ऐकू आलं का हो बाहेर? — काढाच, बाई, माझं काही न्हाई, पटक्याचा राग मोठा हाय, मंत्रिपद गेल्याबिगर उतरायचा न्हाई. पण नाव काढू नका. मी हात जोडते. एक पोरगी बसवली, तिच्या तोंडाकडं अजून नीट बघवत न्हाई मला. ही दुसरी बसली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? तिला दुसरं काही द्या, साधं, कुणाला त्रास न्हाई असं. काय काय खाती हायेत तुमच्याकडं?

पाणीमंत्री नको, सासूबाईंना माठाला हात लावू द्यायची न्हाई. सफाईमंत्री? मंग पाहुण्यांनाच झाडून काढंल. बाग? कुठंय बाग, ते एरंडाचं झाड? बरं, अजून?

शिक्षणमंत्री. त्याला काय काम असतं?

जे पोरगं शाळेत येत न्हाई त्याच्या घरी जायचं. अन्? दारात उभं राहून नाव घेऊन हाक मारायची. अन् न्हाई आलं तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. रोज? येईस्तोवर?

बारकीच पोरं न? का कुणीबी? शाळा सोडून घरी बसलेलीबी?

चौथीनंतर बसलेलीबी. पण पुढची शाळा इथं कुठंय बाई, हसनाबादला — काय म्हणता. ह्या सालापासून? इथंच? पाचवी इथंच? तुम्हीच शिकवणार? अन् चौदा वर्षांची पोरगी बसली तर चालंल तिथं, बारक्या पोरांत? हसणार न्हाईत? तुम्ही बघाल. तुम्ही बघाल म्हणलं न?

...

न्हाई, काही न्हाई झालं. डोळ्यात काहीतरी गेलं. लावा तिला. तेच खातं लावा. उद्यापासून न्हाई, आजपासून लावा, अन् फीत जरा मोठी द्या, घरातला पटका वाचंल.

येते मी. अहो — अहो, उठा, झालं काम. काढलं बाईंनी तिला. हां, आरोग्य गेलं, कायमचं गेलं. नखं वाढवा आता लागंल तेवढी. ... दुसरं व्हय, दिलंय काहीतरी, हजेरीचं. कुणाला त्रास न्हाई त्याचा. ... मला काय ठावं कुणाकुणाच्या घरी जाती, मंत्री ती हाय का मी? जल्दी चला, सोनीला एक सांगायचंय मला.