घंटेवरचं फडकं

धोंडीराम : मल्हारीदादा, दोर बांधला, आता धरा त्या बाजूनं. टेम्पोवाला खोळंबलाय. नांदगावच्या जत्रंत आज सांजच्यालाच ह्ये काचंखाली गोळी उडवायच्या खेळाचं यंत्र लावायचं हाय मला.

तानुबाई : थांबा भावजी. आज शनिवार आहे. लोखंड हलवू नये.

मल्हारी : ऐक, धोंड्या! विहारात बायांना सांगते वारबीर पाळू नका, आणि आज हिलाच शनी आठवला. अगं, बायकोच्या जातीला शोभेल असं एकच बोल. तीन भंगारं पोसता, घरात कप ठेवायला जागा नाही, हे रोज कोण म्हणतं?

तानुबाई : मग ते गोऱ्या साहेबाच्या वेळचं जुनं न्या. त्याला गोळी उडवायच्या दांड्यासुद्धा नाहीत. गोळी सोडायची आणि तिच्या तोंडाकडं बघत बसायचं.

मल्हारी : त्याला हात लावायचा नाही! देवळालीच्या एका गोऱ्या साहेबानं त्याच्यावर खेळताना पैजेला घोडा लावला होता. हरला. घोडा असा रडला, की त्या उन्हाळ्यात देवळालीला टँकर लागला नाही.

धोंडीराम : आन् त्ये लाल आकड्यांचं नवं?

मल्हारी : ते वीज दिली की रुसतं.

धोंडीराम : मग ह्ये मधलं चांगलं चालतंय, त्येच का इकताय?

मल्हारी : आपोआप चालतंय, हेच दुखणं! गुणांच्या आकड्यांची चाकं शून्यावर आणून कामावर जातो, येतो तर आकडा चढलेला. रिले घासले, स्प्रिंगा बदलल्या. भूत आपण मानत नाही, म्हणजे फॉल्टच. आणि सातपूरभर फिटर म्हणून मिरवणाऱ्याला तो सापडेना! त्यात उंदीर. घंटेच्या हातोडीला फडकं बांधून जातात. मी काढतो, ते पुन्हा बांधतात.

धोंडीराम : गाठ मारून?

मल्हारी : निरगाठ.

धोंडीराम : आमच्याकडचे उंदीर लय अडाणी म्हणायचे.

तानुबाई : चहा टाकू का?

धोंडीराम : थांबा वहिनी, एक डाव बघतो. ही सोडली गोळी.

तानुबाई : मारू नका! अजून नाही! डावी दांडी वर धरा, गोळी निजू द्या तिच्यावर... आता! हाणा कोपऱ्यात! कंबरेनं यंत्राला धक्का द्या जरासा! जास्त नको, बंद पडतं ते!

(आकड्यांची चाकं फिरून थांबतात.)

मल्हारी : तानू.

तानुबाई : काय?

मल्हारी : काल वरण करपलं, तेव्हा स्टोव्ह भडकला म्हणालीस.

तानुबाई : भडकलाच होता. पण शेवटची गोळी चालू होती.

मल्हारी : आणि फडकं?

तानुबाई : भिंतीपलीकडं सुलाबाई. तिच्याचपुढं तुमच्या भंगाराच्या नावानं खडे फोडते मी. घंटा ऐकली असती तर कॉलनीत तोंड दाखवायची सोय राहिली असती का?

मल्हारी : मला तरी सांगायचंस.

तानुबाई : काय सांगू? पोरी सासरी गेल्या, तुम्ही पाळीवर. घरात कसला आवाज म्हणून नसतो हो.

मल्हारी : धोंडीराम, दोर सोड.

धोंडीराम : आन् माझी जत्रा?

मल्हारी : साहेबाचं ने. घोड्याची गोष्ट वर फुकट.

तानुबाई : अहो, ते तुमचं लाडकं...

मल्हारी : राहू दे. तू आधी ते फडकं सोड. मला कंपनीत ऐकू आलं पाहिजे.