टाकीतलं पाणी

(२०२३ साल, भाद्रपद तोंडावर आलेला. काळाचौकीतला गणपतीचा कारखाना. शेवंतीकाकी आणि तिचा पुतण्या हितेंद्र, रंगवून झालेल्या मोठ्या मूर्तीसमोर.)

शेवंती : देवाच्या गालावर हे फोड कसले? कोणी केलं हे?

हितेंद्र : तुझ्या लाडक्या कॉम्प्रेसरने. शेवटचं वॉर्निश मारत होतो, तर रंगाच्या गनमधून हवेबरोबर पाणी थुंकला चेहऱ्यावर.

शेवंती : त्याला नावं ठेवू नकोस. गिरणी बंद पडल्यावर तुझ्या काकांनी आणला तो. त्याआधी एवढाल्या मूर्ती मी ब्रशने रंगवायचे. खांदे भरून यायचे रे.

हितेंद्र : म्हणून काय आरती करू त्याची? ढकढक एवढी की वरच्या मजल्यावरची माळीबाई शिव्या घालते. जरा चालवला की तापला, मग साहेब निवेपर्यंत बसा! पलीकडच्या कारखान्यातल्या प्रफुल्लने नवा स्क्रूवाला कॉम्प्रेसर घेतलाय. दिवसभर चालतो, आवाज नाही.

शेवंती : आणि बिघडला की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसतो. आपला कोणीही खोलतो, रिंग बदलली की उभा. दट्ट्या खाली गेला की हवा ओढतो, वर आला की दाबून टाकीत कोंबतो. त्यात बिघडायचं काय?

हितेंद्र : दाबलेली हवा तापते. टाकीत निवली की तिच्यातलं पाणी सुटतं. पावसाळ्यात तर विचारू नकोस.

शेवंती : मग तळाची चावी खोलून रोज सोडायचं ना ते, आळशी मेल्या! उद्या मंडळवाले मूर्ती न्यायला येतील. त्यांना हे तोंड दाखवू? एवढ्या वर्षांचं नाव घालवलंस काकांचं.

हितेंद्र : मी? गुरुवारी चावीला हात घातला तेव्हा ओरडलं कोण?

शेवंती : कोण?

हितेंद्र : तू! ‘डोळे आखून झालेत, आता देव बघतोय. त्याच्यासमोर ती काळी तेलकट घाण सोडायची नाही.’ बाहेर सरकवू म्हटलं, तर म्हणे पावसात भिजेल.

शेवंती : मग? डोळे आखले की देवासमोर कोणी थुंकतसुद्धा नाही आपल्यात.

हितेंद्र : म्हणून तो थुंकला, थेट देवाच्या तोंडावर.

शेवंती : जीभ आवर.

हितेंद्र : नाही आवरत. हट्ट तुझा आणि शिव्या मी खायच्या? उद्या मंडळाला तू सांगायचं. नाहीतर मी चाललो प्रफुल्लकडे. कधीपासून बोलावतोय तो.

शेवंती : जा ना. अडवलंय कोणी?

हितेंद्र : चेहरा कोण रंगवणार मग? तू? हात वर जातो का तुझा?

शेवंती : ...डोळे आखण्यापुरता जातो.

हितेंद्र : चेहरा घासायचा तर ते डोळेही जाणार.

शेवंती : रंग सुकला की पुन्हा आखीन.

हितेंद्र : आणि टाकी? पाणी सोडल्याशिवाय मी गन धरणार नाही. सांगून ठेवतो.

शेवंती : धुतलेलं फडकं घे.

हितेंद्र : कशाला?

शेवंती : त्याच्या डोळ्यांवर बांध. मग खोल चावी. किती निघतं ते मी बघते.