खोडरबरांचा डबा

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली नुकतीच बोटीच्या सहलीवरून आलेली. मांडीवरचा तिचा उजवा हात सारखा थरथरत होता.

"ताई, समुद्र बघायचा सोडून तू चित्रं काढत बसलीस?"

"अगं, शिकवायला खराखुरा व्यंगचित्रकार होता! पहिल्याच दिवशी डबा फिरवून त्यानं सगळ्यांचे खोडरबर काढून घेतले."

"ते का?"

"म्हणाला, बोट हलणार, रेघही हलणार. पुसत बसलात तर किनारा येईल, चित्र यायचं नाही."

"आणि तुझा हा हात?"

"तिथे सगळ्यांचेच हलत होते, माझ्याकडे कोण बघतंय! तुझ्या भावजींना काढायला घेतलं, तर नाक पार कागदाच्या कडेला गेलं."

"अगं बाई!"

"मी फाडायलाच निघाले होते. तो म्हणाला, नाक एवढं लांब गेलंय म्हणजे कसला तरी वास घेत असणार. टोकाशी काढा काहीतरी."

"मग?"

"केक काढला! ह्यांना गोड बंद आहे ना. हसून हसून डोळे पुसले त्यांनी."

"म्हणजे त्या चित्रकाराला तुझ्या हाताचं कळलंच नाही?"

"कळलं की. शेवटच्या दिवशी बोट बंदरात थांबली. सगळ्यांच्या रेघा सरळ झाल्या, माझी नाही."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या चित्रात अजून समुद्र आहे."

"...बरं, तो फॉर्म दे इकडे. सही मीच करते, नेहमीसारखी."

"नको. पेन दे."

"ताई, चौकटीबाहेर जाईल गं."

"जाऊ दे. टोकाशी काढू काहीतरी."