विमानाला चालत नाही म्हणे!

विमानाला चालत नाही म्हणे! नाही, मला सांगा, माणसाला चाललं इतकी वर्षं, आणि विमानाला चालत नाही? तुम्हाला सांगतो, विमानतळावर सामान चढवून चढवून माझी कंबर गेली, दाजींची, म्हणजे आमच्या ताईच्या नवऱ्याची, एकाच पाळीत आम्ही, त्यांची छाती गेली, आणि खाल्लं काय दोघांनी? कामगार कँटीनमधले डांबरात तळलेले बटाटे! कितीदा सांगितलं त्या कँटीनवाल्याला, 'अहो, तेल बदला!' तर झारा हलवत म्हणतो कसा, 'मुरलेलं तेल आहे, त्याशिवाय चव नाही!' साहेबांकडे गेलो. 'बघू.' सेफ्टीवाल्याकडे गेलो. 'बघू.' बघतच बसले मेले सगळे...

मग आली विमान कंपनी. म्हणे, विमानं धूर फार सोडतात, कार्बन कमी करायचाय, तर तळणाचं वापरलेलं तेल गोळा करू, कारखान्यात शुद्ध करू, त्याचं इंधन बनवून नेहमीच्या इंधनात मिसळू. उत्तम! कोण नको म्हणतंय? पण आमच्या कँटीनवाल्याने ऐकलं काय, तर 'वापरलेलं' एवढंच! जितकं जास्त वापरलेलं तितकं जास्त चांगलं, असा त्याचा हिशोब! जे टाकून द्यायचा तेही परत कढईत! वर आम्हालाच, 'पृथ्वी वाचवायचीय, थोडी कळ सोसा.' सोसली. दाजींनी छातीवर हात ठेवून सोसली. 'पित्त असेल रे,' म्हणायचे आणि बॅग उचलायचे. एक दिवस सामानाच्या पट्ट्यापाशी खाली बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, नळ्या तुंबल्या होत्या. गेले हो...

ताईच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं, तोवर कंपनीच्या बाई आल्या तेल तपासायला. बाटलीत घेतलं, उजेडाला धरलं, तर पलीकडचं दिसेना! किंचाळल्याच, 'अगं बाई! हे विमानाला चालत नाही! आमच्या यंत्राच्या नळ्या तुंबतील!'

नळ्या! ऐकलंत? विमानाला चालत नाही म्हणे! अहो, माणूस गेला तेव्हा 'बघू', आणि यंत्राच्या नळीचं नाव निघाल्याबरोबर साहेब धावले, सेफ्टीवाला धावला, नवी कढई आली, भिंतीवर पाटी लागली, 'तेल वेळेवर बदला, विमान आपलं आहे.' आणि दाजी? दाजी कुणाचे होते?

आता जेवण काय झकास असतं म्हणून सांगू! माझ्या घशाखाली उतरत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण शहाणा झालो. परवा प्यायच्या पाण्याच्या टाकीत मेलेली पाल दिसली. तडक साहेबांकडे गेलो, म्हटलं, 'साहेब, हे पाणी विमानाला चालत नाही.' आता विमान कधी आमच्या टाकीतलं पाणी पितं? पण विचारलं का कुणी? छे! संध्याकाळच्या आत टाकी घासून लख्ख!

ताईला जाऊन सांगितलं. वाटलं, जरा हसेल बिचारी. तर ती म्हणाली, 'मग यांच्या छातीत दुखत होतं, तेव्हा विमानाच्या छातीत दुखतंय म्हणून सांगायचंस ना रे.'

...सुचलंच नाही हो तेव्हा. आम्ही आपलं माणसाचं नाव सांगत बसलो!