चार बोटांची जागा

दुकानदार : हा तिसरा. याच्याहून छोटा लूपर माझ्याकडे नाही, आणि याच्याहून जास्त जागा तुमच्या गिटारच्या पेडल-बोर्डावर नाही. चार बोटं मोजून जागा आहे, चार बोटांचाच आहे हा. आता याच्यात काय खोट काढता?

धाकटा : खोट नाही काढत हो काका. पण याला एकच बटण आहे.

ताई : एका पायाला एक बटण पुरे की.

धाकटा : तू थांब ना जरा. काका, एकाच बटणावर सगळं?

दुकानदार : सगळं. पहिल्या ठोक्याला दाबलं की रेकॉर्ड सुरू. तुमचा तुकडा वाजवून झाला की परत बरोबर पहिल्या ठोक्याला दाबायचं, मग तोच तुकडा गोल गोल फिरत राहतो. त्याच्यावर तुम्ही तुमचं खेळायला मोकळे. थांबवायचं तर लागोपाठ दोनदा दाबा. पुसायचं तर दाबून धरा.

धाकटा : झालं! म्हणजे मी थांबवायला जाणार, पाय जरा जड पडणार, आणि भर कार्यक्रमात सगळं पुसलं जाणार.

ताई : हत्तीचा पाय आहे का तुझा?

धाकटा : शनिवारी असेल. मला आत्ताच भीती वाटतेय.

दुकानदार : आज बुधवार, दादा. भीती शनिवारपर्यंत पुरवायचीय ना? जरा जपून वापरा.

ताई : घरून निघताना म्हणाला, पहिला दिसेल तो घेऊ. पहिला दोन बटणांचा, तो जाड निघाला. दुसऱ्याचा दिवा डोळ्यांत जातो. आता याला बटण कमी. नाचता येईना अंगण वाकडं.

धाकटा : लावून तर बघू दे. काका, वायर द्या… हे बघा! आली ना गुणगुण?

दुकानदार : ती येणारच. तुम्ही एकाच अडॅप्टरवर ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, सगळ्या पेडलांची वरात बसवलीय. लूपरला स्वतंत्र अडॅप्टर द्या, जाईल.

धाकटा : अशी गुणगुण आली तर पहिल्या रांगेतले उठून जातील. किती मोठी येतेय बघ, ताई.

ताई : कुठे?

धाकटा : अगं, ही काय. आत्ता.

ताई : असेल.

दुकानदार : असेल काय, ताई? त्या स्पीकरच्या खोक्याला टेकूनच उभ्या आहात तुम्ही.

धाकटा : काका, ते जाऊ द्या. तो दोन बटणांचा दाखवा ना परत.

दुकानदार : दाखवतो. पण एक विचारू का? चौदा वर्षं तुम्ही दोघं माझ्याकडून तारा नेताय. ताई साथ धरतात, तुम्ही वर खेळता. लूपर लागतो एकट्या माणसाला. तुम्हाला कशाला?

धाकटा : असंच. घरी सरावाला.

ताई : ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? काका, मी वाजवणं सोडतेय.

धाकटा : सोडत नाहीये. थोडे दिवस विश्रांती.

ताई : सोडतेय. उजवा कान गेला, डावा निघायच्या तयारीत आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, स्टेजवर स्पीकरच्या शेजारी बसलात तर उरलेलाही जाईल. आणि शनिवारी हॉटेलात दोन तासांचा कार्यक्रम आहे. मॅनेजरला वाटतंय, दोघं येणार. या महाशयांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

धाकटा : सांगणार आहे.

ताई : सोमवारीही सांगणारच होतास.

धाकटा : आणि जमलं नाही तर? एकदा सांगितलं की मागे कसं यायचं?

ताई : तेच तर! मागे यायची वाट म्हणजे मी. तुला जमलं नाही तर शनिवारी मी येऊन बसेन. मी ओळखते मला. तुला एकट्याला घाम फुटलेला मला बघवणार नाही, मी गिटार उचलेन, आणि कान जाईल. म्हणून म्हणते, आज घे आणि आज शीक.

दुकानदार : ताई, बसा तुम्ही. स्टूल ओढा तो. दादा, तुम्ही वाजवा. चारच बार घ्या, चार-चार ठोक्यांचे, सोपे.

धाकटा : तुम्ही दोघं असं बघू नका.

दुकानदार : मी नाही बघत. मी वायर गुंडाळतो.

धाकटा : घेतो. एक, दोन, तीन… हां. आता… अरे!

दुकानदार : तुकडा लंगडला. सांध्यात भोक पडलं. बटण उशिरा दाबलंत.

धाकटा : मशीन उशिरा घेतंय.

दुकानदार : मशीनला उशीर ठाऊक नाही, दादा. परत.

धाकटा : … आता… छे! परत तेवढंच. बघितलंस ना, ताई? हे आपलं काम नाही. आपण एखादा साथीला बघू. तो शाळेतला संगीतशिक्षक…

ताई : तीन दिवसांत तो चौदा वर्षांचं शिकेल?

दुकानदार : दादा, एक सांगू? दोन्ही वेळेला दाबायच्या आधी तुम्ही ताईंकडे बघितलंत.

धाकटा : मी?

दुकानदार : मान वळली तुमची. बघितलंत, थांबलात, मग दाबलंत. तेवढाच उशीर होतोय.

धाकटा : ते… सवय आहे. पहिल्या ठोक्याच्या आधी ताई श्वास घेते. खांदे असे वर होतात. तेवढं दिसलं की मला कळतं, आता. आत्ता तिने घेतलाच नाही.

ताई : मी कशाला घेऊ? माझ्या हातात गिटार आहे का? पण थांब. श्वासावर येतोस तू? इतकी वर्षं?

धाकटा : मग कशावर येणार? ताल तूच धरतेस ना.

ताई : अरे देवा.

धाकटा : काय झालं? दुखतोय का कान?

ताई : हसू येतंय रे मला. बाळ्या, तू माझ्या उजवीकडे बसतोस. त्या बाजूचं मला दोन वर्षांपासून धड ऐकू येत नाही. मी तुझ्या बुटाकडे बघून वाजवते. तुझा पाय उचलला की मी श्वास घेते.

धाकटा : दोन वर्षं? दोन वर्षं तू बोलली नाहीस?

ताई : बोलले असते तर हे लूपरचं तेव्हाच निघालं असतं. मलाही भीती वाटतेच की. घरी बसून काय करू मी? तुझ्याहून जास्त घाबरलेय, पण दोघांनी एकदम घाबरून चालत नाही, म्हणून तुझी पाळी आधी ठेवली.

धाकटा : म्हणजे मी तुझ्या श्वासावर, आणि तू माझ्या पायावर?

दुकानदार : मग ताल कोणाचा म्हणायचा?

ताई : याचाच. आधी पाय हलायचा, मग माझा श्वास. आणि आता तोच पाय हा बटणावर अधांतरी धरून बसलाय! ठोका द्यायचा सोडून माझी वाट बघतोय.

धाकटा : मला खरंच वाटत नाही. तू समजूत काढतेयस.

ताई : समजूत काढायची असती तर घरी काढली असती, इथे काकांसमोर कशाला? दोन पाय आहेत ना? डाव्याने ठोका धर, तो थांबवायचा नाही. उजव्याने दाब. आणि मी तुझ्याकडे पाठ करून बसते. बघ हवं तर माझी वेणी.

धाकटा : पाठ नको ना करू.

ताई : केली.

धाकटा : काका, निदान तुम्ही मान हलवा.

दुकानदार : मी वायर गुंडाळतोय.

धाकटा : बरं… एक, दोन, तीन, चार…

(तुकडा फिरू लागतो. चार फेरे होतात.)

दुकानदार : सांधा कुठे आहे ते मलाही सांगता यायचं नाही.

धाकटा : चुकून लागलं असेल.

दुकानदार : मग अजून चारदा चुका. दुकान आठपर्यंत उघडं आहे.

ताई : वळू का?

धाकटा : थांब. परत घेतो. वळू नकोस अजून.

दुकानदार : … हं. हेही लागलं. घ्यायचा का मग हा?

धाकटा : हा नको. तो दोन बटणांचा द्या. थांबवायचं बटण वेगळं असलेलं बरं. शनिवारी पाय हत्तीचाच असणार आहे माझा.

दुकानदार : तो आठ बोटांचा आहे, दादा. जागा कुठून आणणार?

धाकटा : कोरस काढतो. एकाचे दोघं भासवायला ठेवलेला तो. आता कशाला भासवायचं?

ताई : काय म्हणाला तो? या उजव्या बाजूने बोलला.

दुकानदार : कोरस काढतो म्हणाले.

ताई : काढ. आणि फोन काढ, मॅनेजरला लाव.

धाकटा : घरी गेल्यावर करतो ना.

ताई : बाळ्या.

धाकटा : हातात गिटार आहे अगं माझ्या.

ताई : हातांनी कुठे बोलायचंय?

धाकटा : हॅलो… हो, मीच. शनिवारचं बोलायचं होतं. आठ ते दहा, हो, तसंच. फक्त… फक्त मी एकटाच वाजवणार आहे. दोघं नाही, एकटा… नाही हो, भांडण कसलं? तीच तर आहे शेजारी… हो, हो, येणार आहे ना ती. ऐकायला.