ऑर्विलसाहेबांचा वारस

ओक्लाहोमाच्या विधानभवनातल्या कँटीनमध्ये सूपच्या रांगेत सिनेटर वर्ना हॅस्केट आणि सिनेटर डेलबर्ट प्रूइट माझ्यापुढे उभे होते. दोघंही एकाच पक्षाचे, कट्टर परंपरावादी; सिनेटमधले त्यांचे नेते ऑर्विलसाहेब.

"डेलबर्ट, ऑर्विलसाहेबांच्या करकपातीच्या विधेयकाला तू एकदम कसा रे तयार झालास? तिजोरी रिकामी होईल म्हणत होतास ना?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, वर्ना."

"खरं बोल."

"साहेब नेतेपद सोडताना माझं नाव सुचवणार आहेत. कुणाला सांगू नकोस."

"अरे देवा! मलाही हेच म्हणाले. 'कुणाला सांगू नकोस'सकट!"

"कधी?"

"रविवारी, चर्च सुटल्यावर."

"मला शनिवारी! म्हातारा भलताच बिलंदर निघाला."

"उद्या आपण दोघं विरोधात गेलो, तर विधेयक पडतंय."

"करकपात पाडली तर मतदार आपल्याला सोलून काढतील."

"पाडायची कशाला? दोघांचीही पोटं बिघडली म्हणायचं आणि घरी बसायचं; दोन मतं कमी पडली, की मतदान लांबेल. नेतेपदाचा राजीनामा लेखी आला, की पोटं बरी."

"आणि नेता कोण?"

"ते मागाहून बघू. आधी हात मिळव."

हात मिळवून दोघं माझ्या टेबलाच्या दोन बाजूंच्या टेबलांवर पाठमोरे बसले. वर्ना फोनवर हळूच म्हणाली, "साहेब, डेलबर्टवर विसंबू नका हं."

दुसऱ्या बाजूला डेलबर्ट फोनकडे बघत पुटपुटला, "छे! साहेबांचा फोन आत्ताच बिझी लागायचा होता?"