अण्णाप्पाचा ठोकळा

अंबाबाईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून.

कागलचा अण्णाप्पा कोकणातून चिरा भरून यायचा. घाटात त्याचा जुना ट्रक दम टाकायचा. माझ्या गॅरेजात मी इंजिनातल्या डिझेल पंपाचा स्क्रू पिळून जोर वाढवला.

"आता मागं पन्हाळा बांध, वर ओढतंय का न्हाय बघ!"

"आणि चढावर थांबाय लागलं तर, मिस्त्री?"

"थांबतोस कशाला?"

चाकामागं लावायचा लाकडी ठोकळा तो माझ्या गॅरेजातच विसरून गेला.

परतताना घाटात पुढचा टेम्पो बंद पडला. अण्णाप्पाला थांबावं लागलं. भरल्या ट्रकला ब्रेक पुरला नाही. मागं सरकत ट्रक दरीत गेला, अण्णाप्पासकट.

ठोकळा तो विसरला, हे वाक्य खोटं. "आता ह्याचं काय काम?" म्हणून मीच काढून ठेवला होता.